त्या डोळ्याला काय म्हणायचं?

गेल्या पावसाळ्यात सोलापूरच्या अशोक चौकात एका आरोग्य शिबिराचा फ्लेक्स लागला होता. मोतीबिंदू तपासणी, चष्मेवाटप, रक्तदाब, साखर, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत ‘अपघातात डोळा गमावलेल्यांना मोफत नेत्ररोपण’. चौकशी केली तेव्हा समजलं की शिबिरात कृत्रिम डोळे देणार होते. काम चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी उभा होतो तिथेच एक बाई, हातात विड्यांच्या पानांची पिशवी, बरोबरच्या मुलाला ती ओळ वाचायला लावत होती. त्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, “म्हंजे बाबास्नी त्या डोळ्यानं परत दिसंल?” मुलगा म्हणाला, “तसंच लिवलंय की.”

मुलाचं काही चुकलं नव्हतं. मराठीत रोपण म्हणजे जिवंत गोष्ट लावणं. लावलेलं रोप धरतं, वाढतं. ‘नेत्ररोपण’ वाचून त्याला जो अर्थ लागला तो शब्दाचा सरळ अर्थ होता. चूक शब्द निवडणाऱ्याची होती.

हा प्रश्न मी आमच्या घरात चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला आहे. माझे मामा पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. १९८४ साली मागावरून धोटा उडाला. ज्यांनी धोटा हातात घेतलाय त्यांना सांगायला नको: आडवं सूत नेणारा, लाकडी होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, आणि माग चालू असला की मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जाणारा. मामांचा उजवा डोळा फुटला, तो काढावा लागला. जखम भरल्यावर इस्पितळातून निरोप आला, “डोळा बसवायला या.”

आजीनं तो शब्द धरून ठेवला. मामा परत आले त्या संध्याकाळी तिनं त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मग एका तळहातानं त्यांचा चांगला डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली. “किती हायत, सांग.” मामा गप्प. तिनं बोटं आणखी जवळ नेली. “सांग की.” मी दहा वर्षांचा होतो, दाराला धरून उभा होतो. शेवटी तिनंच उत्तर दिलं, “तीन हायत की रं,” आणि तरी बराच वेळ हात खाली घेतला नाही.

इस्पितळातल्या कुणी तिला खोटं सांगितलेलं नव्हतं. पण ‘बसवणे’ हे क्रियापद आपण नळाला वापरतो, पंख्याला वापरतो, विहिरीवरच्या मोटारीला वापरतो. बसवलेली वस्तू चालू होते, हे त्या शब्दात गृहीतच असतं. देवळात मूर्ती बसवतात तीसुद्धा प्राणप्रतिष्ठा करून. मग डोळा बसवला आणि दिसलं नाही, हे आजीनं का धरावं?

मी गेली पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवतो. या वस्तूला काय म्हणायचं हा माझ्या लेखी शिष्टाचाराचा प्रश्न नाही. चुकीच्या नावामुळे माणसं चुकीची आशा धरतात, चुकीची भीती बाळगतात, आणि ज्याला ती वस्तू लावावी लागते त्याच्याकडे चुकीच्या नजरेनं बघतात. म्हणून लिहितोय.

आधी वस्तू काय आहे ते बघू. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोटीसारखा गोळा येतो. तसा तो नसतो. इजा, गाठ, काचबिंदूनं दृष्टी जाऊन उरलेला दुखरा डोळा, अशा कारणांनी डोळा काढतात किंवा त्याच्या आतला भाग काढून पांढरं कवच ठेवतात, तेव्हा शस्त्रक्रियेतच खोबणीत बहुधा एक छोटा गोळा ठेवून वरून शिवून टाकतात. तो कुणाला कधी दिसत नाही. त्यावर पापण्यांच्या मागे जी वस्तू सरकवतात ती वाटीसारखी असते, मोठ्या शिंपल्याच्या तुकड्याएवढी, मागून खोलगट, पुढून फुगीर. इस्पितळात तिला कुणी शेल म्हणतं, कुणी प्रोस्थेसिस. ती तयार मिळते, नाहीतर मापाची करून घेता येते. मापाची करताना कवळीसाठी घेतात तसा खोबणीचा ठसा घेतात, समोर बसून दुसऱ्या डोळ्याच्या रंगावरून बुबुळ हातानं रंगवतात, पांढऱ्या भागावर शिरांसाठी लाल रेशमाचे बारीक धागे घालतात, मग वरून पारदर्शक थर देऊन घासून चकाकी आणतात. हे करणाऱ्या कारागिराला ऑक्युलरिस्ट म्हणतात. सोलापुरात आपल्याला तयार शर्ट आणि मापाचा शर्ट यांतला फरक कुणी समजावायला नको. तयार शेल कुणालाच अगदी नीट बसत नाही, मापाचं शेल आतल्या भागाबरोबर थोडंफार हलतं.

यातून दिसत नाही. दिसणारही नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात आणि ते तुटल्यावर पुन्हा जोडण्याची विद्या अजून माणसाकडे नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णाला दात्याचा अख्खा डोळा बसवला गेला. डोळा जगला, रक्तपुरवठा सुरू झाला, पण दृष्टी आली नाही. आपण ज्याला नेत्रदान म्हणतो त्यातून दुसऱ्याला मिळतं ते डोळ्यावरचं पारदर्शक पटल. तसं रोपण १९०५ पासून यशस्वी होत आलं आहे आणि त्यानं खरंच दिसू लागतं. ‘नेत्ररोपण’ हा शब्द कुठे वापरायचाच असेल तर तिथे वापरावा. शेलच्या शिबिरावर तो लिहिला की दोन नुकसानं होतात. इथला माणूस दृष्टीची आशा घेऊन येतो आणि मोडून जातो, आणि नेत्रदानाविषयी आधीच गोंधळलेल्या लोकांच्या गोंधळात भर पडते.

आता ‘काचेचा डोळा’. हा शब्द सगळ्यात रुळलेला आहे आणि एके काळी तो खराही होता. जर्मनीतल्या लाउशा गावी लुडविग म्युलर-उरी नावाचा काच-कारागीर बाहुल्यांसाठी डोळे करायचा. १८३५ च्या सुमारास त्यानं माणसांसाठी ते करायला घेतले आणि पुढे शंभर वर्षं जगाला डोळे जर्मनीनं पुरवले. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा तुटला. जखमी सैनिक तर रोज येत होते. तेव्हा अमेरिकी सैन्यातल्या दंतविभागाच्या लोकांनी, ज्या अॅक्रिलिकच्या ते कवळ्या करत होते त्याच अॅक्रिलिकचे डोळे करून बघितले. ते हलके होते, पडले तर फुटत नव्हते, घासून दुरुस्त करता येत होते. जर्मनीत आजही काचेचे डोळे बनतात, पण आपल्याकडे माणसाच्या डोळ्यात जातं ते हेच प्लास्टिक. काच गेली त्याला ऐंशी वर्षं झाली, शब्द मात्र राहिला.

राहिला तर राहिला, असं कुणी म्हणेल. पाटी-पेन्सिल गेली तरी आपण ‘पाटी कोरी’ म्हणतोच. फरक असा की पाटी कुणाच्या डोळ्यात नसते. मामांना तो डोळा देताना देणारा म्हणाला होता, “काचेचा आहे, जपा.” मामांनी तो इतका जपला की तीन वर्षं धड काढून धुतलाच नाही. हातातून पडेल, फुटेल, आणि दुसरा घ्यायला पैसे कुठले. झोपताना कायम डाव्या कुशीवर. कारखान्यात पुन्हा जायचं नाव नाही, धक्का लागून आतच फुटला तर? डोळ्याला सतत चिपडं, पापणी सुजलेली, आणि ते आपल्या नशिबाचा भाग समजून बसलेले.

एका सकाळी मोरीत तोंड धुताना तो आपोआपच निसटला. शहाबादी फरशीवर टक् असा आवाज आला. मामी चुलीपुढून उठून आली, आजी आली, मी आलो. तो फरशीवर उताणा पडला होता आणि वाटी हलावी तसा डुलत होता. डुलून थांबला. ना तडा, ना टवका. मामांनी तो उचलला, नखानं वाजवून बघितला. “प्लाष्टिक हाय की,” ते म्हणाले, आणि मला आठवतं त्यानुसार अपघातानंतर ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले. त्याच आठवड्यात ते डॉक्टरकडे गेले. साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवायचा, गरम पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको कारण त्यानं अॅक्रिलिकला बारीक भेगा जातात, वर्षातून एकदा घासून चकाकी करून घ्यायची, चार-पाच वर्षांनी बदलायचा. सगळं दहा मिनिटांत सांगून झालं. एका चुकीच्या विशेषणानं तीन वर्षं खाल्ली होती.

आमच्या गावात तर हा शब्द चार भाषांतून फिरतो. तेलुगूत डोळ्याला आणि काचेला जे शब्द आहेत तेच जवळजवळ कन्नडमध्ये आहेत, दोन्हीकडे काच म्हणजे गाजु. उर्दू बोलणारे शेजारी ‘पत्थर की आंख’ म्हणतात. त्यात काचबिंदू हा आजार, त्याच्याही नावात काच. मग एखादीला काचबिंदू झाला असं सांगितलं की ती घरी येऊन रडते, आता काचेचा डोळा बसवणार म्हणून. असं मी दोन पालकांच्या तोंडून ऐकलं आहे.

याहून वाईट शब्द म्हणजे ‘खोटा’ आणि ‘नकली’. काचेचा ही माहितीतली चूक आहे, खोटा हा आरोप आहे. खोटं कोण बोलतं? ज्याला फसवायचं असतं तो. खोटं नाणं, खोटी सही, खोटी साक्ष. ज्या माणसानं डोळा गमावला, त्यानं पापणी आत ओढली जाऊ नये, खोबणी आकसू नये, पोरांनी घाबरू नये म्हणून एक वाटी लावली, त्यानं कुणाला फसवलं? ‘नकली’चं तर मला विशेष वाईट वाटतं. मूळ अरबी ‘नक्ल’ म्हणजे प्रत. तहसीलमध्ये सातबाऱ्याची नक्कल मिळते, शिक्का मारून, आणि ती कोर्टात चालते. तीच नक्कल माणसाच्या चेहऱ्यावर आली की बनावट ठरते.

इराणमध्ये शहर-ए-सोख्ता नावाच्या जुन्या वसाहतीच्या उत्खननात २००६ साली एका स्त्रीचा सांगाडा सापडला, जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वीचा. तिच्या खोबणीत कृत्रिम डोळा होता, डांबरासारख्या पदार्थाचा, आणि त्यावर सोन्याच्या बारीक रेषा. सोन्याच्या रेषांचा डोळा लावणारी बाई कुणाला फसवायला निघालेली नसते. ती आपला चेहरा पुरा करते. आपण तुळजापूरला जातो, नवसाचे चांदीचे डोळे देवीला वाहतो. देवळातल्या मूर्तीला वेगळे डोळे लावलेले असतात, ते लावले की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते असं आपण म्हणतो. त्या डोळ्यांना खोटे म्हणायची जीभ कुणाची होईल?

आणि मामांचा तो डोळा रडायचाही. अश्रू डोळ्याच्या गोळ्यातून येत नाहीत, वरच्या पापणीमागच्या ग्रंथीतून येतात, आणि ती ग्रंथी सहसा शाबूतच असते. आजी गेली तेव्हा त्यांच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते उजव्या गालाकडे बघत राहिले.

मराठीनं एकुणातच एका डोळ्याच्या माणसावर अन्याय केला आहे. ‘काणाडोळा करणे’ म्हणजे बघून न बघितल्यासारखं करणं. प्रत्यक्षात एका डोळ्यानं जगणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त बघतो. जवळ-लांब कळावं म्हणून मान वळवतो, चहाचा कप घेताना आधी बोट लावून अंतर घेतो. दुसरा ‘झारीतला शुक्राचार्य’. वर्तमानपत्रात आठवड्याला एक तरी असतो. कथेत शुक्राचार्य झारीच्या तोंडात शिरला तो आपल्या शिष्याचं, बळीचं, सर्वस्व जाऊ नये म्हणून. दर्भाच्या काडीनं त्याचा डोळा गेला. शिष्यासाठी डोळा गमावलेल्या गुरूला आपण फायली अडवणाऱ्या कारकुनाचं नाव करून ठेवलं. हे वाक्प्रचार भाषेतून काढा असं मी म्हणणार नाही, ते निघतही नाहीत. पण वर्गात तिसऱ्या बाकावर असा मुलगा बसलेला असेल, तर मी ‘काणाडोळा’च्या जागी ‘दुर्लक्ष’ शिकवतो. दोन्हीला तेवढेच गुण मिळतात.

मग म्हणायचं काय? माझं मत ‘कृत्रिम डोळा’ या शब्दाला आहे. यावर लगेच आक्षेप येतो की ‘कृत्रिम’ही बोचरा आहे, कृत्रिम हसू म्हणजे मनातून नसलेलं हसू. मान्य. पण शब्दाचं सगळं खातं उघडून बघा. ‘कृ’ म्हणजे करणे, कृत्रिम म्हणजे केलेला, घडवलेला. जुन्या धर्मशास्त्रात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत, त्यांत दत्तक घेतलेल्याच्या शेजारीच ‘कृत्रिम’ पुत्र येतो. तोतया या अर्थानं तो शब्द तिथे येत नाही. आपला म्हणून केलेला मुलगा, असा त्याचा अर्थ आहे आणि त्याला वारसा आहे. आणि पोथी कशाला, आपल्याच आभाळाकडे बघा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या परिसरात विमानातून ढगांत बीजं पेरण्याचे प्रयोग केले. त्याला आपण सगळ्यांनी ‘कृत्रिम पाऊस’ म्हटलं. तो पाऊस खोटा आहे असं या दुष्काळी जिल्ह्यात एकाही शेतकऱ्यानं म्हटलं नाही. जनावरांचं कृत्रिम रेतन गावोगाव होतं, त्यातून झालेल्या कालवडीला कुणी नकली म्हणत नाही.

‘कवळी’सारखा स्वतःचा शब्द डोळ्याला मिळाला असता तर मला जास्त आवडलं असतं. कवळी म्हटलं की खोटेपणा आठवतच नाही, ती आजोबांची असते, पेल्यात असते. पायाला ‘जयपूर फूट’ मिळालं, ते लोक अभिमानानं सांगतात. मोतीबिंदूनंतर डोळ्यात घालतात त्याला भिंग म्हणतो, लेन्स म्हणतो. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी ते पहिल्यांदा घातलं तेव्हा तेही याच अॅक्रिलिकचं होतं, आणि आज गल्लीतल्या दर दुसऱ्या आजीच्या डोळ्यात कृत्रिम भिंग आहे. त्या सगळ्या ‘नकली नजरेच्या’ आहेत असं आपण म्हणतो का? पण असे शब्द समितीत बसून घडत नाहीत. ते वापरातून येतात. येईल तेव्हा येईल. तोवर ‘कृत्रिम डोळा’.

दोन आक्षेप मला गंभीर वाटतात. पहिला, शब्द बदलून काय मिळणार, त्यापेक्षा पैसे द्या. ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं, पण जिन्याला उतार आला का, असं माझा एक मित्र विचारतो. त्याचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच मी गोड शब्द मागत नाही. ‘दिव्यनेत्र’ वगैरे कुणी सुचवलं तर मी पहिला विरोध करीन. सरकारी मोजणीत एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्के धरतात. सवलती मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्क्यांपासून. म्हणजे मामांसारख्या माणसाला शेलचा खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून करावा लागतो, दर चार-पाच वर्षांनी. यावर भांडायला हवंच. पण भांडायला गेलेल्या माणसानं अर्जावर ‘काचेचा डोळा’ लिहिलं की समोरच्याला ती हौसेची वस्तू वाटते. लहान मुलाच्या बाबतीत तर हे फार महागात पडतं. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगात बाळाचा डोळा काढावा लागला, तर वाढत्या मापाचं शेल वेळोवेळी बदलत राहावं लागतं, नाहीतर त्या बाजूची खोबणी मागे राहते. हा उपचाराचा भाग आहे. ‘नकली डोळा’ म्हटल्यावर कुठला बाप त्यासाठी कर्ज काढेल? तो म्हणणार, मोठी झाली की लग्नाच्या वेळी बघू.

दुसरा आक्षेप माझ्या शाळेतल्या एका बाईंचा. त्यांचा स्वतःचा डावा डोळा लहानपणी विट्टी लागून गेलेला. त्या बिनदिक्कत म्हणतात, “माझा काचेचा आहे.” मी एकदा त्यांना दुरुस्त करायला गेलो. त्या म्हणाल्या, “सर, डोळा माझा आहे ना? मग नाव मी ठेवीन.” बरोबर आहे. ज्याचा डोळा त्याचा शब्द, त्यात माझं काही चालणार नाही आणि चालू नये. माझं मागणं बाकीच्यांकडे आहे: जे फॉर्म छापतात, फ्लेक्स लावतात, बातमी लिहितात, इस्पितळाच्या खिडकीत बसून नातेवाइकांना सांगतात. निरोप देताना ‘डोळा बसवायला या’ इतकंच म्हणू नका. ‘कृत्रिम डोळा लावणार आहोत, त्यातून दिसणार नाही’ हे एकाच दमात म्हणा. रुग्णाच्या कार्डावर ‘प्लास्टिकचा आहे, काढून धुता येतो’ ही एक ओळ मराठीत छापा. उरलेला डोळा सांभाळायला न फुटणाऱ्या भिंगांचा चष्मा कायम लावायचा, हे त्याखाली.

त्या फ्लेक्सवरचा नंबर मी दुसऱ्या दिवशी फिरवला होता. पलीकडचा तरुण मुलगा नीट ऐकून घेणारा निघाला. म्हणाला, “सर, चूक झाली, पण मग लिहू काय? फ्लेक्सवर दोनच ओळींची जागा असते.” मी म्हटलं, दोन ओळी पुरतात. पहिलीत लिही, ‘कृत्रिम डोळा मोफत, मापाप्रमाणे’. दुसरीत लिही, ‘यातून दिसत नाही, पापणी आणि चेहरा सावरतो’. त्यानं फोनवरच लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. ‘दिसत नाही’ वाचून लोक यायचे नाहीत, अशी त्याला धास्ती होती. मी त्याला मामांचं सांगितलं, आजीच्या तीन बोटांचं सांगितलं. पुढचं शिबिर जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानाजवळ आहे. दुसरी ओळ पहिलीएवढ्याच अक्षरांत ठेवतो, म्हणाला.